दोन उंबरठ्यांची गाडी

अप्पांच्या माघारी घर, कपाटं, पंखे आणि पितळेचे डबे यांची वाटणी अर्ध्या दुपारीत उरकली होती. कुणाचा आवाजसुद्धा चढला नव्हता. अबोला धरला गेला तो गिअरच्या दांड्यावरून, आणि तो सात वर्षं टिकला. त्यामुळे आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला मधली बहीण सकाळीच माहेरच्या फाटकातून आत आली, तेव्हा दोघे भाऊ शेडमध्ये एकाच गाडीच्या दोन अंगांना एकमेकांकडे पाठ करून उभे होते, याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते गाडीची दोन्ही दारं सताड उघडी होती याचं.

"दारं का उघडी टाकलीत?"

"जरा वारा लागू दे म्हणून," थोरला म्हणाला.

"ताई, त्याला विचार, गाडीला ताप आलाय का," धाकटा पलीकडून म्हणाला.

"त्याला म्हणावं, तुझं दारही उघडंच आहे."

मधलीने दोघांचे निरोप दोघांना पोचवले. तीन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसांना एकमेकांचे शब्द पुन्हा म्हणून दाखवायची तिला इतकी सवय झाली होती, की हल्ली दवाखान्यात पेशंट बोलला तरी ती तेच वाक्य खुर्चीमागच्या भिंतीला ऐकवायची. ती दातांची डॉक्टर होती. पेशंटला वाटायचं, ही नवीन पद्धत असेल.

अप्पांनी शेवटच्या आजारपणात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "गाडी दोघांची. निम्मी-निम्मी. तुमच्या आईच्या सत्तरीच्या दिवशी, उजेड असेतो, दोन्ही दारं मिटून आपल्या जोरावर फाटकाबाहेर आली तर तुमची. नाहीतर माझ्या भावाची. त्याचा जीव आहे तिच्यात." यात 'निम्मी-निम्मी' हे शब्द अप्पांनी सहज वापरले असणार. पण थोरला शाळेत भूमिती शिकवायचा. तेराव्या दिवसाचीही वाट न बघता त्याने खडू आणि ओळंबा घेतला आणि गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत सरळ पांढरी रेघ मारली.

वाटणीला ती गाडी फारच सोयीची निघाली. दोन दारं. धुराच्या दोन नळ्या. इंजिन आठ सिलिंडरचं, तेही चार-चारच्या दोन रांगांत, जणू कारखान्यानेच भाऊबंदकी गृहीत धरली होती. स्टिअरिंग आणि किल्लीचं भोक थोरल्याकडे गेलं, बॅटरी धाकट्याकडे. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो रोज बॅटरी काढून घरी नेऊ लागला. थोरला किल्ली गळ्यात घालून शाळेत जाऊ लागला. आणि गिअरचा दांडा? तो उभा होता बरोब्बर रेघेवर, पण पहिल्या गिअरला थोरल्याच्या हद्दीत झुकायचा आणि दुसऱ्याला धाकट्याच्या. त्यावरून जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी गाडीच्या आत, छतापासून खालपर्यंत, आईची जुनी चादर टांगली गेली. तेव्हापासून थोरला शाळा सुटल्यावर यायचा, धाकटा सकाळी कामाला जायच्या आधी. दोघांचं सामानही दोन-दोन. दोन जॅक, दोन वेल्डिंगची यंत्रं, दोन हातोडे, पत्रे कापायच्या दोन कात्र्या. एका गाडीत दोन गाड्या दुरुस्त होत होत्या.

आणि मधलीला हेही दिसत होतं, की सात वर्षांत हे दोघं एका छपराखाली आले ते फक्त या शेडच्या. आज संध्याकाळी काका गाडी घेऊन गेले, तर त्यांना तेवढंही कारण उरणार नव्हतं.

"दार लावून दाखव," ती थोरल्याला म्हणाली.

"लागतं. जरा सवय व्हायला हवी त्याला."

"दादा, लाव."

थोरल्याने दार ढकललं. ते वरच्या कोपऱ्यात खाटकन अडलं आणि चार बोटं उघडं राहिलं. त्याने खांद्याने ढकललं. मग पाठीने. मग भूमितीच्या मास्तराला शोभणार नाही असा एक शब्द वापरून ढकललं.

"बिजागरीचा दोष आहे," तो म्हणाला.

मधली वळसा घालून पलीकडे गेली. धाकट्याचं दारही तसंच वर घासत होतं आणि खाली बोट जाईल एवढी फट होती.

"बिजागरी," धाकटा म्हणाला. "ताई, हे त्याला सांगू नकोस हां. मी लिफ्टवाला माणूस. माझं दार मिटत नाही म्हटल्यावर तो शाळेत मुलांना सांगेल."

मधलीने दोन्ही दारांकडे आळीपाळीने पाहिलं. पेशंटचे दोन्हीकडचे दात एकदम उंच लागायला लागले, तर दातांना दोष देऊन भागत नाही, जबड्याकडे बघावं लागतं. ती जमिनीवर आडवी झाली आणि गाडीच्या पोटाखाली डोकावली.

दाराखाली जी जाड पोकळ पट्टी असते, जिला या घरात सगळे उंबरठा म्हणत, ती या गाडीत नुसती शोभेची नव्हती. खाली वेगळा सांगाडाच नसल्यामुळे सगळी गाडी त्या दोन उंबरठ्यांच्या जिवावर उभी होती. आणि दोन्हीकडचे जुने उंबरठे गायब होते. त्यांच्या जागी नवेकोरे पत्रे बसवलेले, इथे-तिथे वेल्डिंगचे चार-चार टाके घातलेले. काम सुबक होतं. फक्त मधली आडवी झाली तेव्हा तिला समोरून मागपर्यंत जी रेघ सरळ दिसायला हवी होती, ती मध्ये झोका घेतल्यासारखी खाली आली होती. गाडी पोटात वाकली होती. खाटेवर कुणी बराच वेळ बसून उठावं, तशी.

ती उठली. पदराने कोपर झाडलं.

"दादा, जुना उंबरठा कधी कापलास?"

"बुधवारी. सगळा गंजलेला होता. पुट्टीच्या आत नुसता भुगा."

"बाळ्या, तू?"

"बुधवारीच. सकाळी. माझ्याकडे तर पुट्टीसुद्धा गंजली होती."

"एकाच दिवशी?"

"अवघड काम शेवटी ठेवलं होतं," दोघं एकदम म्हणाले आणि लगेच दुसरीकडे बघू लागले.

"आणि कापण्याआधी आतून आडव्या-तिरप्या दांड्या ठोकल्या होत्या? टेकू?"

शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

"गरज नव्हती," थोरला शेवटी म्हणाला.

"का?"

"त्याची बाजू होती ना धरायला."

मधलीने हा निरोप पलीकडे पोचवला नाही. पोचवायची गरजच नव्हती. पलीकडे धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला होता.

"मीही तोच हिशोब केला होता," तो चादरीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, दादाची बाजू पक्की असणार. कधी अर्धवट सोडलंय त्याने काही?"

सात वर्षं एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांनी, एकाच दिवशी, एकमेकांच्या भरवशावर, आपापल्या पायाखालचा आधार कापून टाकला होता. मधलीला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. तिने त्यातलं हसू निवडलं, कारण दिवस लहान होता.

"टाके तोडा," ती म्हणाली. "दोन्हीकडचे. खालून दोन्ही बाजूंनी जॅक लावून पोट वर उचलायचं, सरळ झालं की मग शिवायचं. वाकड्या जबड्यावर कवळी बसवून चालत नाही."

"संध्याकाळपर्यंत?" थोरला म्हणाला.

"नाहीतर काकांना आत्ताच फोन कर, ट्रक लवकर आणा म्हणावं."

काकांना फोन करायची गरज पडली नाही. टाके तोडून होतात तोवर फाटकाशी त्यांचा सपाट पाठीचा ट्रक येऊन उभा राहिला. साखळ्या, दोरखंड, चाकांखाली लावायच्या पाचरी, सगळं जय्यत. काका निवृत्त फुटबॉल रेफरी होते आणि निवृत्ती त्यांना मान्य नव्हती. गळ्यात शिटी. हातात घड्याळ. मागे काकू, एका हातात वाढदिवसाची भेट आणि दुसऱ्या हाताने कपाळ धरलेलं.

"मी निःपक्षपाती आहे," काका उतरता उतरता म्हणाले.

"ट्रक घेऊन आलात," मधली म्हणाली.

"निकाल लागल्यावर अंमलबजावणीला वेळ नको." त्यांनी शेडमध्ये पाहिलं. गाडीचे दोन्ही उंबरठे निखळून जमिनीवर पडले होते. काकांचा चेहरा एकदम कोवळा झाला. लहानपणी या गाडीच्या मागच्या सीटवर बसायला मिळावं म्हणून त्यांनी अप्पांचे बूट पुसले होते, ही गोष्ट ते चार माणसं जमली की सांगत. "अरेरे," ते म्हणाले, आणि त्यात खरं दुःख होतं, आणि खरा आनंदही होता.

आई बाहेर आली. आईने उभ्या हयातीत अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवली होती. त्यात काकाही होते. काका तिच्या हाताखाली पुढे जायला शिकले. मागे यायला मात्र अजून शिकायचे होते.

"भावजी, आलात? बरं झालं. मला माणूस हवाच होता."

"वहिनी, मी आज नातेवाईक म्हणून आलेलो नाही."

"नसू दे. वजन तर आणलंत ना बरोबर?"

काका गोंधळले. आईने पोरीकडे पाहिलं. सकाळपासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकत होती, आणि तीस-पस्तीस वर्षं शेजारच्या सीटवरून दुसऱ्याच्या चुका बघत आलेल्या बाईला फार सांगावं लागत नाही.

"मधले, नाकाकडे इंजिनाचं ओझं आहे. शेपटीकडे काय आहे?"

"काहीच नाही. टाकीसुद्धा काढून ठेवलीये."

"मग पोट वर उचलताना शेपूटही वर येईल. मागे भार हवा. डिकी उघडा."

डिकीचं कुलूप खडूच्या रेघेवर होतं. सात वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं. दोघांनीही डिकीला नुसतं पुसलं होतं, आपापल्या अर्ध्यात. आई पुढे झाली, तिने डिकीवर पंजाने एक सणसणीत थाप मारली आणि झाकण वर आलं. आत स्टेपनी होती, आणि एक काळी छत्री.

"माझी छत्री!" काका ओरडले. "वीस वर्षं म्हणतोय मी, माझ्या दादाने ढापली म्हणून! वीस वर्षं!"

"ढापली नव्हती. ठेवली होती," आई म्हणाली. "बसा आत."

"मी?"

"रेफरीने मैदानात नको का असायला? गाडी सरळ होते की नाही ते तिच्या आत बसलेल्या माणसालाच कळणार. बाहेरून बघून निकाल दिलात, तर उद्या ही पोरं हरकत घेतील."

काकांनी हे मनातल्या मनात तपासून पाहिलं. पायाने जागा चाचपली. "नियमात बसतं," ते म्हणाले.

"आधी तुम्ही बसा," काकू म्हणाल्या. "जन्मभर हिच्यात बसायचं होतं ना? आणि छत्री उघडा, ठिणग्या उडतील." मग त्या बादलीभर पाणी घेऊन डिकीशेजारी उभ्या राहिल्या आणि बादलीचा रोख गाडीपेक्षा नवऱ्याकडे जास्त ठेवला. आईच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "ही गाडी आमच्याकडे आली तर दिवाणखान्यात ठेवायची म्हणतायत. तुम्ही लोक जिंकाच."

थोरली आणि धाकटी या दोघी जावा ओल्या फडक्यांचे गठ्ठे घेऊन आल्या. तापलेल्या पत्र्याशेजारचा रंग करपू नये म्हणून फडकी लावायची होती. थोरला तेवढ्यातही आपल्या निळ्या रंगाकडे बघत मधलीला म्हणाला, "त्याला विचार, माझा रंग त्याने कुठून चोरला."

"ताई, त्याला सांग, मी आधी लावलाय."

थोरल्या जावेने फडकं पिळलं. "दोघांचा एकाच डब्यातला आहे," ती म्हणाली. "आम्ही दोघींनी मिळून आणला. मापंही मीच तिला कळवायचे फोनवर. नाहीतर एका बाजूचा दिवा वर आणि दुसऱ्या बाजूचा खाली आला असता."

दोन्ही भावांनी एकदम आपापल्या बायकोकडे पाहिलं. दोन्ही बायका फडकी लावण्यात फार गढून गेल्या.

जॅक लागले. आईने आतली चादर एका ओढीत काढली आणि घडी घालून काखेत मारली. आता या दारातून त्या दारापर्यंत आरपार दिसू लागलं. मधलीने पिशवीतून निळ्या कागदाची पुडी काढली. पेशंटला दातांवर दात टेकवायला लावून नेमकं कुठे उंच लागतंय ते बघायचा हा कागद. जिथे टेकतं तिथे निळा डाग उमटतो. तिने त्याची पट्टी थोरल्याच्या दाराच्या कडेवर धरली, दार हलकेच ओढून घेतलं, पुन्हा उघडलं. वरच्या कोपऱ्यात गडद डाग. बाकी कोरं.

"उचला. दोघांनी सारखं."

थोरल्याने जॅकचा दट्ट्या मारला. धाकट्याने मारला. पुन्हा थोरल्याने. मग दोघांनीही जोर धरला, कारण दोघांनाही दुसऱ्याच्या मागे राहायचं नव्हतं. गाडीच्या छतातून लांबलचक कण्हण्याचा आवाज आला.

"पीळ पडतोय!" छत्रीखालून काका ओरडले. "डावीकडे कलतोय मी! फाउल!"

"दादा, थांब! बाळ्या, थोडं सोड! नाही, तू नाही, दादा सोड! बाळ्या, तू..." मधली एका दारातून दुसऱ्या दाराकडे पळाली, परत आली. कागद हातातून पडला. तिने तो उचलला, श्वास घेतला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा असं काहीतरी म्हणाली जे कुणाचंच नव्हतं, तिचं होतं.

"मी दाराशी बसणार आहे. कागद बघणार. बाकी मी काही सांगणार नाही, कुणाचं काही कुणाला पोचवणार नाही. तुम्हाला किती उचलायचं, किती सोडायचं, ते तुमचं तुम्ही बोला. बोलायचं नसेल तर काका आहेतच."

ती थोरल्याच्या दाराशी पाट घेऊन बसली. खरंच बसली. पलीकडे जॅकच्या तेलाचा बारीक सुस्कारा ऐकू येत होता. थोरल्याने दट्ट्यावरचा हात काढला, पँटला पुसला, परत ठेवला. उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत त्याच्या बुटावर आली. मधली कागदाकडे बघत होती, म्हणजे कागदाकडे बघायचा आव आणत होती. बोलले नाहीत तर? तिने तर शेवटचा पूलही काढून घेतला होता.

"उचल," पलीकडून आवाज आला.

थोरला दचकला. "किती?"

"अर्धा."

"अर्धा म्हणजे किती? दट्ट्या खालपर्यंत अर्धा, की..."

"मास्तर, अर्धा म्हणजे अर्धा! शाळेत काय शिकवतोस?"

"अर्ध्याचं माप सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. तू लिफ्ट अशीच अर्धी थांबवतोस म्हणून माणसं अडकतात."

"माझ्या लिफ्टमध्ये आजवर एक माणूस अडकलेला नाही!"

"आमचे मुख्याध्यापक."

"ते जाड आहेत! उचल म्हटलं ना!"

थोरल्याने उचललं. धाकट्याने उचललं. आता एक "हं" म्हणायचा, मग दुसरा "हं" म्हणायचा, आणि त्या हुंकारांच्या तालावर गाडीचं पोट वर येऊ लागलं. मधलीने कागद लावला. डाग खाली सरकला होता. पुन्हा उचललं. डाग फिकट झाला. थोड्या वेळाने दाराच्या कडेने वरपासून खालपर्यंत एकसारखी निळी रेघ उमटली. कुठे गडद नाही, कुठे तुटलेली नाही.

"आता कसं वाटतंय?" तिने दाराला विचारलं. सवयीने.

पलीकडच्या दारालाही तेच केलं. तिथे एक टोक किंचित टोचत होतं, ते तिने कानशीने घासून काढलं आणि पुन्हा कागद लावला. धाकटा गुडघ्यांवर बसून ते बघत होता, एखाद्या पोराचा दात काढताना बाप बघतो तसा.

मग उंबरठे पुन्हा जागेवर लागले आणि शिवण सुरू झाली. इकडे बोटभर टाका, मग तिकडे बोटभर, कारण एकीकडेच ओढत गेलं तर पत्रा तापून पुन्हा वाकला असता. "माझा झाला," "घेतो," "थांब, लाल आहे अजून," "घे आता." ठिणग्या उडत होत्या, छत्रीवर टपटप पडत होत्या, काकू त्यांच्यावर चूळ सोडल्यासारखं पाणी शिंपडत होत्या आणि त्यातलं निम्मं काकांवर पडत होतं. काका तक्रार करेनात. मध्येच ते म्हणाले, "वहिनी, इथून आवाज फार छान येतो हो. आतून सगळी गाडी वाजते." ते दावेदार आहेत हे ते बहुधा विसरले होते.

जॅक उतरवायची वेळ आली तेव्हा कुणी जेवलेलं नव्हतं आणि कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. दोघांनी "हं... हं..." करत दोन्ही बाजू सारख्या सोडल्या. गाडी चाकांवर बसली. वाकली नाही. मधलीने थोरल्याचं दार धरलं आणि सोडून दिलं.

डब्.

तिने पलीकडचं सोडलं.

डब्.

जाड, मऊ, भरलेला आवाज. धाकट्याने डोळे मिटून घेतले. "पुन्हा एकदा," तो म्हणाला. थोरला म्हणाला, "हो, पुन्हा एकदा," आणि आपल्याच बाजूचं दार उघडून त्याने पुन्हा लावलं. मग त्या दोघांनी मिळून दारं इतक्या वेळा लावली, की आईला मध्ये पडावं लागलं.

"भिंतीवर ऊन चढलंय. खेळत बसलात तर गाडी दारांसकट जाईल. किल्ली."

थोरल्याने गळ्यातून किल्ली काढली. धाकट्याने बॅटरी आणली, तारा जोडल्या. पेट्रोलचा डबा, वेल्डिंग होईपर्यंत बाहेर कंपाउंडला ठेवलेला, पुढे आणून टाकीऐवजी इंजिनाला जोडला आणि पक्का बांधला. दोघं आत बसायला वळले तर स्टिअरिंगमागे आई आधीच बसली होती. चादरीची घडी तिने पाठीमागे उशीसारखी घेतली होती.

"आई, मी चालवतो," थोरला म्हणाला.

"तुला मीच शिकवलंय. म्हणून नको."

तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवली. एक बाजू धडधडू लागली, लंगडत, शेड हलवत. एकाच नळीतून काळा धूर येत होता.

"माझे चार लागले!" धाकटा ओरडला.

"तुझे? ती माझी नळी आहे, बघ नीट!"

"नळी तुझी असेल, सिलिंडर..."

उरलेले चारही पेटले. आठच्या आठ. शेडचा पत्रा थरथरला, खिळ्यांवरची पकडी-पान्यांची रांग नाचू लागली, कावळा उडाला, शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आवाज असा होता की तो कानाने ऐकू येत नव्हता, पोटाने ऐकू येत होता. दोन्ही जावा एकमेकींचे खांदे धरून उड्या मारत होत्या. काकू बादली उपडी करून त्यावर उभ्या राहिल्या.

आईने आरशात न बघता क्लच दाबला, गिअर टाकला आणि गाडी निघाली. खडूच्या रेघेसकट, दोन्ही मिटलेल्या दारांसकट, सात वर्षांची धूळ उडवत, उन्हात. फाटकातून जाताना दोन्हीकडे वीतभर जागा उरली होती आणि आईने ती दोन्हीकडे सारखीच ठेवली. मागचं चाक फाटकाच्या रुळावरून पलीकडे गेलं, आणि त्या क्षणी डिकीत मागे तोंड करून, छत्री धरून बसलेल्या काकांनी सवयीने शिटी तोंडात घातली, हात उंच केला आणि गोल दिला.

शिटी वाजल्यावर त्यांच्या लक्षात आलं की निकाल कुणाच्या बाजूने लागला. पण तोवर गाडी रस्त्याला लागली होती, त्यांचा स्वतःचा ट्रक त्यांच्या डोळ्यांदेखत लहान लहान होत होता, आणि ते हसत होते. "वहिनी, जोरात!" एवढं फाटकापर्यंत ऐकू आलं.

दोघे भाऊ काही अंतर पळत गेले, मग रस्त्यातच थांबले, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागले. मधली त्यांच्यापाशी पोचली. थोरला सरळ झाला. तिला वाटलं, आता 'त्याला सांग' येणार, आणि ती नकळत निरोप घ्यायच्या पवित्र्यात उभी राहिली.

"आधी माझे चार लागले," थोरला म्हणाला. धाकट्याला म्हणाला.

"तुझे? काळा धूर कुणाकडून आला?"

"धूर म्हणजे पुरावा नव्हे. तू कार्ब्युरेटरमध्ये काहीतरी केलं होतंस."

"कार्ब्युरेटर मधोमध आहे! त्याला हात कोण लावणार? उद्या सकाळी ये, दाखवतो."

"सकाळी शाळा आहे."

"मग शाळेच्या आधी ये! आणि तुझी ती कानस घेऊन ये, माझी बोथट आहे."

"माझ्या कानशीला कोण म्हणालं चांगली?"

आवाज चढत गेला. शेजारच्या गच्चीवरची माणसं कठड्यावर ओणवली. मधली काही वेळ तशीच उभी राहिली, दोघांच्या मध्ये. मग तिला कळलं, की आपण मध्ये उभं असल्यामुळे त्यांना एकमेकांचं तोंड दिसत नाहीये. ती बाजूला झाली. निळ्या झालेल्या बोटांनी तिने काकांच्या रिकाम्या ट्रकची फळी खाली पाडली, त्यावर चढून बसली, पाय सोडले, आणि ते भांडण पहिल्यांदाच नुसतं ऐकत राहिली.